तेल कुठून आलं, ते आधी सांग

पाइपात तेल दिसलं म्हणून टर्बो बदलला, हे तू मला इतक्या सहज सांगतोस? आयटीआयची दोन वर्षं माझ्यासमोर बसून काढलीस, मेकॅनिक मोटर व्हेईकलचं सर्टिफिकेट फ्रेम करून गॅरेजच्या भिंतीवर लावलंस, आणि गिऱ्हाइकाला दिलेलं उत्तर काय, तर ‘तेल येतंय, टर्बो गेलाय.’ तेल येतंय हे त्या ड्रायव्हरलाही दिसत होतं. तेल कुठून येतंय, कुठल्या वाटेनं येतंय आणि का येतंय, हे विचारायला तो तुझ्याकडे आला होता. यातला एकही प्रश्न तू स्वतःला विचारला नाहीस.

ती गाडी टूरवर चालते. सातारा-मुंबईच्या भाड्यावर त्या माणसाचं घर चालतं. टर्बोसाठी त्यानं पतपेढीतून कर्ज उचललं. महिनाभरात पाइप पुन्हा ओले झाले, मागून निळा धूर यायला लागला, आणि मग तू त्याला सांगितलंस की इंजिनकाम काढावं लागेल. रिंगा, पिस्टन, सगळं. एवढा मोठा खर्च तू कशाच्या आधारावर सांगितलास? कंप्रेशन मोजलंस? ऑइल भरायचं झाकण काढून बॅक कंप्रेशन बघितलंस? साधी डिपस्टिक तरी काढलीस?

मी काढली. गाडी सपाट जमिनीवर उभी केली, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबलो आणि डिपस्टिक पुसून पुन्हा घातली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. सर्व्हिसला तू कॅन उघडलास आणि पूर्ण रिकामा केलास. इंजिनात किती लिटर मावतं हे मालकाच्या पुस्तकात छापलेलं असतं, ते बघायचे कष्ट घेतले नाहीस. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये तेल जास्त झालं की क्रँकशाफ्टची वजनं त्यात बुडतात, तेल घुसळून त्याचा फेस होतो, आणि तो फेस ब्रीदरच्या नळीतून थेट हवेच्या पाइपात जातो.

मग एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर कोरडा. डब्यापासून टर्बोकडे जाणारा रबरी होज सोडवला आणि बॅटरी मारून आत बघितलं. डब्याकडची बाजू कोरडी, करड्या धुळीचा पातळ थर, बोट फिरवलं तर बोट पांढरट होतं. हेड कव्हरवरून येणारी ब्रीदरची नळी जिथे त्या होजात शिरते, नेमका तिथून तेलाचा काळा ओघळ सुरू होत होता आणि खाली टर्बोच्या तोंडापर्यंत गेला होता. ओघळाच्या वरच्या टोकाला बोट लावलं की बोट ब्रीदरच्या नळीवर जातं. एक क्लिप सोडवायची, होज बाजूला करायचा आणि शांतपणे बघायचं, एवढंच काम होतं.

हवा फिल्टरकडून टर्बोकडे वाहते. टर्बोच्या आधीच्या पाइपाच्या मध्यापासून तेल सुरू होत असेल, तर ते टर्बोतून आलं असं म्हणताच येत नाही. सील फारच गेलं असेल तर इंजिन बंद असताना थोडं तेल तोंडाशी मागे ओघळतं, हे खरं. पण ते हातभर वर चढून ब्रीदरच्या जोडाशी जाऊन थांबत नाही. पावसाळ्यात पाणी टपकतं तिथलंच कौल फुटलेलं नसतं, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही माहीत असतं. ती आढ्यापर्यंत माग काढतात. तू टपकलेल्या जागेवरची वस्तू बदललीस.

आणि दुसरी गोष्ट, जिचा मला जास्त राग आहे. नवा टर्बो बसवताना तेल परत जाण्याच्या पाइपाच्या गॅस्केटला तू सिलिकॉन चोपडलंस. ते दाबून आतल्या बाजूला फुगलं आणि पाइपाचं तोंड जवळजवळ अर्धं बंद झालं. मी पाइप उतरवला तेव्हा ती लाल कडी मला नखानं काढता आली. टर्बोतून तेल परत येतं ते कुठल्याही दाबाखाली येत नाही, केवळ स्वतःच्या वजनानं चेंबरमध्ये उतरतं. म्हणून तो पाइप जाड असतो, सरळ खाली जातो, आणि म्हणून तिथे सिलिकॉन लावायचं नसतं. वाट अडली की बेअरिंगच्या घरात तेल तुंबतं आणि मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. पहिल्या वेळी तेल टर्बोच्या आधीच्या पाइपात होतं. या वेळी ते टर्बोच्या पुढच्या पाइपातही होतं, इंटरकूलरच्या तळाशी साचलं होतं. पहिला बिघाड तू बघितला नाहीस आणि दुसरा तुझ्या हातानं तयार केलास.

टर्बोच्या सीलबद्दल तुम्हा सगळ्यांच्या डोक्यात एक चुकीची समजूत पक्की बसली आहे. तिथे क्रँकच्या ऑइल सीलसारखं रबराचं ओठवालं सील असतं असं तुम्ही धरून चालता. लहान गाडीचा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो; त्या वेगात रबर टिकणार नाही. तिथे पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक धातूची रिंग असते, आणि तेल आत राहतं ते मुख्यतः बाहेरच्या बाजूच्या हवेच्या दाबामुळे. दाबाचं हे गणित उलटलं की सगळं चांगलं असलेला टर्बोही तेल टाकतो. चेंबरमध्ये बॅक कंप्रेशन वाढलं, तेल परत जायची वाट चोक झाली, एअर फिल्टर धुळीनं इतका भरला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढली, किंवा एसी लावून गाडी तासन्‌तास जागेवर चालत ठेवली, यातलं काहीही पुरेसं आहे. या चारही गोष्टी तपासल्याशिवाय ‘टर्बोचं सील गेलं’ हे वाक्य उच्चारायचं नाही.

टर्बो खरोखर गेला असेल तर तो हाताला सांगतो. इंजिन थंड असताना तोंडाचा पाइप काढ आणि शाफ्टचा नट दोन बोटांत धर. वर-खाली किंचित हलेल. हलायलाच हवा, कारण तो तेलाच्या थरावर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये फिरतो. तो खेळ बघून तुमच्यातले निम्मे घाबरतात आणि गिऱ्हाइकाला बिल लावतात. पुढे-मागे ओढून बघ. तिथे हाताला जाणवेल इतकी हालचाल नको. पाती डब्याला घासल्याच्या खुणा आहेत का, कडा झिजल्या आहेत का, फिरवल्यावर कुठे अडकतो का, हे बघ. यातलं काही सापडलं, टर्बोच्या पुढचा पाइप ओला आणि मागचा कोरडा असला, परतीची वाट मोकळी असली, बॅक कंप्रेशन ठीक असलं, तर टर्बो बदल. मी तुला अडवणार नाही.

बॅक कंप्रेशन म्हणजे काय ते पुन्हा ऐक, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर वाट दिली नाही तर दाब वाढून सगळी सीलं गळायला लागतात. पूर्वी एक नळी इंजिनाखाली उघडी सोडलेली असायची, सगळा धूर रस्त्यावर. लॉस एंजेलिसच्या हवेत धुरकं इतकं वाढलं की कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून नव्या अमेरिकी गाड्यांमध्ये हा वायू परत इंजिनात ओढून जाळायची सोय आली. तीच पीसीव्ही. त्या दिवसापासून इंजिनाच्या हवेच्या वाटेत थोडं तेल असणं हे रचनेतच आहे. टर्बो डिझेलच्या पाइपात हात घातलास आणि बोटाला तेलाचा पातळ थर लागला, तर ते आजारपण नाही. थेंब जमतो, ओघळ वाहतो, इंटरकूलर उलटा केला की धार लागते, तेव्हा काळजी करायची. ओशट आणि ओलं यातला फरक कळत नसेल तर झाकण लाव आणि गाडी परत दे.

पेट्रोल गाडीत तेल थ्रॉटलच्या कुठल्या बाजूला आहे हे आधी बघायचं, कारण तिथे सहसा दोन नळ्या असतात. एक थ्रॉटलच्या आधी, फिल्टरच्या बाजूला. तिच्यातून ताजी हवा हेडमध्ये जाते. दुसरी पीसीव्ही व्हॉल्वमधून मॅनिफोल्डमध्ये. व्हॉल्व बंद अडकला किंवा नळी गाळानं चोक झाली, तर चेंबरमधला दाब उलटा फिरून ताज्या हवेच्या नळीतून मागे येतो आणि एअर फिल्टरच्या डब्यात तेल दिसतं. रिंगा झिजून वायूच इतका वाढला की व्हॉल्वला झेपत नाही, तरी हेच दिसतं. व्हॉल्व उघडा अडकला, तर मॅनिफोल्डची ओढ दिवसभर तेलाची वाफ खेचत राहते. फिल्टरचा डबा कोरडा आणि मॅनिफोल्ड ओला. म्हणजे निम्मं उत्तर कुठल्या बाजूला ओलं आहे यातच आहे. व्हॉल्व काढून हलवून बघ, आतला दट्ट्या खुळखुळला पाहिजे. आयडलवर त्याच्या तोंडाशी बोट धर, ओढ जाणवली पाहिजे. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत सुटा व्हॉल्व नसतो, हेड कव्हरमध्येच पातळ पडदा बसवलेला असतो. तो फाटला की इंजिन शिट्टी मारतं आणि चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडायला जोर लागतो. अशा गाडीचं हेड उघडलेलं मी बघितलं आहे. बिघाड कव्हरमध्ये होता आणि खर्च हेडवर झाला.

चेंबरमधला दाब मोजायला महागडं यंत्र लागतं असं सांगू नकोस. पारदर्शक नळी घे, तिचा इंग्रजी यू आकार करून पट्टीवर बांध, अर्धी पाण्यानं भर आणि एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसव. इंजिन चालू कर. धडधाकट पेट्रोल इंजिन आयडलवर पाणी हळूच स्वतःकडे ओढतं. पाणी उलटं ढकललं जात असेल तर आत दाब आहे. डिझेलला थोडा दाब असू शकतो. किती चालतो हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतं, तिथे बघायचं, शेजारच्या गॅरेजवाल्याला विचारायचं नाही. आणि डिझेलमध्ये दाब जास्त निघाला तरी लगेच रिंगांवर जाऊ नकोस. ब्रेकचा व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो आणि ओढलेली हवा चेंबरमध्येच सोडतो. पंप झिजला किंवा ब्रेक बूस्टर कुठे गळत असला, तर ती सगळी हवा ब्रीदरवर येते. बूस्टरची नळी पंपापासून काढ, पंपाचं तोंड बंद कर, आणि मग पाणी किती हलतं ते पुन्हा बघ. गाडी जागेवर उभी असतानाच, चाकांना ओट लावून.

रिंगांचा संशय उरलाच तर कंप्रेशन घे. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि स्पार्क बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. पेट्रोलला साधारण १५० ते १८० पीएसआय, डिझेलला त्याच्या दुपटीहून बरंच जास्त. पण आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक बघायचा. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली गेला तर तिथे थांब. पेट्रोल इंजिनाच्या त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोज. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व. डिझेलमध्ये हे करायचं नाही. तिथली जागा इतकी लहान असते की तेल भरल्यानंच आकडा वाढतो आणि तुझी फसगत होते. त्या इंजिनाला हवेचा दाब भरून गळती ऐकायची. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. त्या टूरवाल्या गाडीचे चारही सिलिंडर आज एका रांगेत आले. ज्या इंजिनाचं काम काढायला तू निघाला होतास, त्यात काढण्यासारखं काही नाही.

गिऱ्हाइकाशी बोलायचंही तुम्ही सोडून दिलंत. धूर केव्हा मारते, एवढं विचारलं तरी निम्मी वाट सरते. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा ढग येतो आणि मग थांबतो, तर रात्रभर व्हॉल्वच्या सीलांवरून तेल उतरलंय. खंबाटकी किंवा बोरघाट गिअरमध्ये उतरून खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दिला की मागे निळा झोत येतो, तर पुन्हा सीलं आणि गाइड, कारण उतारावर पेट्रोल इंजिनातली ओढ सर्वांत जास्त असते. चढावर, जोरात, सतत धूर येत असेल तर रिंगा किंवा टर्बो. आणि लक्षात ठेव, व्हॉल्वच्या सीलांचं तेल व्हॉल्वच्या पाठीवर आणि प्लगवर सापडतं. ते एअर फिल्टरच्या डब्यात जात नाही. डबा ओला बघून सीलं बदलणारा मेकॅनिक मला याच जिल्ह्यात भेटला आहे.

काही वेळा तर तेल इंजिनातून आलेलंच नसतं. हौसेनं धुण्याजोगा कापडी फिल्टर लावतात, धुऊन झाल्यावर त्यावर तेलाची अर्धी बाटली ओततात, ते हवेबरोबर पुढे जातं आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं. गाडीचा पिकअप जातो आणि तुम्ही स्कॅनर लावून सेन्सर बदलता. जुन्या जीपना आणि आजही बऱ्याच ट्रॅक्टरना ऑइल बाथ फिल्टर असतो. त्याच्या वाटीत खुणेच्या वर तेल भरलं की इंजिन ते पिऊन टाकतं. गावाकडे ट्रॅक्टरचा धूर बघायला बोलावलं तर आधी ती वाटी बघायची.

आणि १ एप्रिल २०२० पासूनची बीएस-सिक्स डिझेलं. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. गाडी रोज गावातल्या गावात फिरली तर ते जळणं अर्ध्यावर तुटतं आणि डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. कोणी तेल न घालता डिपस्टिकवरची पातळी वाढते. थेंब बोटांत चोळ, पातळ लागेल. वास घे, डिझेलचा येईल. तेच वाढलेलं, पातळ तेल मग ब्रीदरनं हवेच्या पाइपात जातं. पातळी वाढली म्हणून खूश होणारे मालक आहेत. त्यांना हे समजावणं तुझं काम आहे, आणि तुला ते वासावरून ओळखता आलं पाहिजे.

इंटरकूलरबद्दल मी वर्गात आवाज चढवून सांगितलं होतं, तरी तू नवा टर्बो बसवताना तो उतरवला नाहीस. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही. जळण्याजोगं जे काही हवेबरोबर आत जाईल त्यावर ते चालतं. इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल चढावर जोरात खेचलं गेलं, तर इंजिन स्वतःच्या तेलावर पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण त्याला पंपाच्या डिझेलची गरजच उरलेली नसते. फेरे वाढत जातात, शेवटी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. गिअरची गाडी असेल तर ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. ते जमलं नाही तर हवेचं तोंड फळीनं किंवा जाड धातूच्या पत्र्यानं बंद करायचं. हात किंवा फडकं कधीच नाही, दोन्ही आत खेचली जातात. आणि इंजिन किंचाळायला लागलं असेल तर बाजूला पळायचं. त्या गाडीत त्या माणसाबरोबर रोज चार प्रवासी बसतात. कर्जाच्या हप्त्याचं मी नंतर बोलेन. आधी तू हे डोक्यात घे.

माझा आवाज चढतो कारण तुझा हात चांगला आहे. टायमिंग लावताना तुझ्याइतका नीट मुलगा त्या बॅचमध्ये नव्हता. पण नुसत्या हातावर मेकॅनिक होत नाही, बघावं लागतं, थांबावं लागतं. तू पार्ट खोलायला बसलास की तुझे डोळे बंद होतात. गिऱ्हाईक घाईत आहे, शेजारचा स्वस्तात करतो, स्पेअरवाला कमिशन देतो, ही सगळी कारणं मला माहीत आहेत. यातल्या कुठल्याही कारणानं ब्रीदरची नळी टर्बोच्या मागची पुढे जात नाही.

आता काम ऐक. तेल पातळीवर आणलंय, परतीचा पाइप मी साफ केलाय, नवं गॅस्केट कोरडं बसवायचं. ब्रीदरची नळी आणि हेड कव्हरमधला तेल अडवणारा कप्पा पेट्रोलनं नाही, योग्य क्लीनरनं धुऊन हवेनं फुंकून घे. इंटरकूलर आणि सगळे पाइप उतरव, आतून पूर्ण कोरडे कर; तेल पिऊन फुगलेले रबरी होज परत लावायचे नाहीत. जॉबकार्डावर कारण लिही, ‘टर्बो’ एवढं नाही, तेल कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे लिही, डिपस्टिकची पातळी आणि चारही कंप्रेशन लिही. या कामाची मजुरी घ्यायची नाही. पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी बोलाव आणि तोच होज माझ्यासमोर उघड.

आणि तो काढलेला जुना टर्बो. जुना पार्ट गिऱ्हाइकाचा असतो, हे मी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. भंगारात दिला नसशील तर उद्या सकाळी इथे घेऊन ये. त्याचा शाफ्ट माझ्यासमोर ओढून बघायचा, पाती बघायची, आणि तो चांगला निघाला तर त्या माणसाला बोलावून त्याच्या हातात द्यायचा, आणि त्याचे पैसे कसे परत करणार ते तू स्वतः त्याला सांगायचं.